पडलेली यामाहा आर १५ (स्पोर्ट्स बाइक) उघडण्याआधीची तयारी

आधी स्वतःचं अंग तपासून घ्या. ताम्हिणी घाटाच्या एका वळणावर सांडलेल्या खडीवरून माझं पुढचं चाक सुटलं, गाडी डाव्या कुशीवर घासत गेली आणि मी सुजत चाललेलं मनगट तसंच ठेवून रस्त्यावरचे फेअरिंगचे (गाडीच्या बाहेरच्या प्लास्टिकच्या आवरणाचे) तुकडे गोळा करत बसलो. मनगटाच्या हाडाला बारीक तडा गेलाय हे तिसऱ्या दिवशी एक्स-रे काढल्यावर कळलं. दुखऱ्या हाताला बोल्ट किती आवळला याचा अंदाज येत नाही आणि ब्रेकच्या बोल्टला अंदाजाची चूक चालत नाही. डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडीवर चादर टाकून ठेवा. हेल्मेट आपटलं असेल तर ते कायमचं बाजूला काढा, वरून नुसता ओरखडा दिसत असला तरीही. आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबतो आणि दबला की त्याचं काम संपलं. नव्या हेल्मेटचे पैसे दुरुस्तीच्या हिशोबात पहिल्या ओळीत लिहा.

गाडी उभी केल्यावर बटण दाबण्याचा मोह होतो. आर १५ ला कलंडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. त्यामुळे मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागलेला दिसतो, तो बिघाडच असतो असं नाही. चावी बंद करून पुन्हा चालू केली की तो जातो. तरीही लगेच सेल्फ मारू नका. गाडी बराच वेळ आडवी पडली असेल तर इंजिन ऑइल ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ सोडणाऱ्या) नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात आणि तिथून सिलिंडरमध्ये उतरू शकतं. असं क्वचितच होतं, पण झालं तर पिस्टन त्या तेलावर अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. एअर फिल्टरचा डबा उघडून बघायचा, प्लग काढून सेल्फ दोन-तीन सेकंद फिरवायचा, काही उडालं नाही तर प्लग परत बसवायचा, हे काम घरी आल्यावरचं, आणि विम्याचा दावा करायचा असेल तर सर्व्हेअर बघून गेल्यावरचं. घाटातून गाडी छोट्या हत्तीत (लहान टेम्पोत) घालून आणा. हँडल वाकडं झालेली गाडी हळूहळू चालवत आणणं म्हणजे दुसऱ्यांदा पडायची तयारी.

आणल्यावर धुवायची नाही. विम्याचा दावा करायचा असेल तर सर्व्हेअरला गाडी पडली तशीच दिसली पाहिजे. चारही बाजूंनी, खालून, मीटरवरच्या किलोमीटरसह फोटो काढा आणि शक्य झालं तर पडल्या जागेचेही. आरसी, लायसन्स, पॉलिसी, पीयूसी एका पिशवीत ठेवा आणि विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. दुसऱ्या कोणाला लागलं असेल तर पोलिसांकडे नोंद करायलाच हवी.

मग कागद घेऊन हिशोब करा, कारण स्पोर्ट्स गाडीचं गणित साध्या गाडीपेक्षा वेगळं पडतं. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरीवर ५० टक्के घसारा कापतात. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे: सहा महिन्यांपर्यंत काही नाही, पुढे वर्षापर्यंत ५ टक्के, दुसऱ्या वर्षात १०, तिसऱ्यात १५, चौथ्यात २५. आपल्या गाडीच्या बिलात प्लास्टिकच जास्त असतं, म्हणजे त्याचा निम्मा खर्च तसाही आपल्याच खिशातून जातो. त्यात दावा केल्यामुळे पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गेला. झिरो डेप (घसारा न कापणारं जादा संरक्षण) घेतलेलं असेल तर दावा करा. नसेल आणि फक्त डावं फेअरिंग, क्लचचा लिव्हर, आरसा एवढंच गेलं असेल तर बहुतेक वेळा स्वतः खर्च केलेला परवडतो. पण शॉकअप (पुढच्या चाकाचे दोन दांडे) किंवा फ्रेमची शंका असेल तर ती तपासून होईपर्यंत हा निर्णय घेऊ नका, आणि सर्व्हेअर येण्याआधी कशालाही पाना लावू नका.

जागा सपाट आणि छपराखालची हवी. आर १५ ला मेन स्टँड नाही, त्यामुळे मागे पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा सुटा स्टँड) लागतो. पुढचं चाक काढायचं तर पुढचा भाग उचलण्याची काहीतरी भक्कम सोयही हवी. विटांच्या चळतीवर गाडी टेकवू नका, तिच्याखाली तुमचे हात असणार आहेत. पान्यांमध्ये एल-कीचा पूर्ण संच, ८ ते १९ पर्यंतचे सॉकेट, मागच्या ऍक्सलला (चाकाच्या मधल्या दांड्याला) पुरेल असा लांब दांड्याचा पाना, आणि टॉर्क पाना, म्हणजे बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना. टॉर्क पाना महाग वाटतो, पण तो नसेल तर ऍक्सल, कॅलिपर (ब्रेकचा डिस्क पकडणारा भाग) आणि टीचे (शॉकअप धरून ठेवणाऱ्या खालच्या-वरच्या पट्ट्यांचे) बोल्ट स्वतः आवळू नका, ते काम मिस्त्रीवर सोडा. निळं थ्रेड-लॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव), ग्रीस, ब्रेक क्लीनर, चिंध्या, एक मोठा पुठ्ठा आणि स्केच पेन एवढं जवळ ठेवा.

पुठ्ठा कशाला, तर फेअरिंगच्या बोल्टसाठी. पुठ्ठ्यावर गाडीची डावी आणि उजवी बाजू ढोबळ काढायची आणि निघेल तो बोल्ट चित्रात त्याच जागी टोचून ठेवायचा. हे बोल्ट सगळे एका लांबीचे नसतात. आखूड बोल्टच्या भोकात लांब बोल्ट गेला तर आत वायर किंवा रेडिएटर असू शकतो. प्रत्येक कनेक्टर सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, मग फेअरिंग दोन्ही बाजूंचं काढा. न पडलेल्या बाजूचंही. कोणता भाग किती सरकलाय हे दोन्ही बाजू उघड्या पडल्यावरच कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पुढचं टोक. इथे दोन संध्याकाळी गेल्या तरी चालतील. पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडलकडे बघा. हँडल एका बाजूला वळलेलं दिसलं की लोक लगेच म्हणतात, शॉकअप वाकले. बऱ्याचदा ते वाकलेले नसतात, टीमध्ये पिळले गेलेले असतात. ऍक्सल आणि खालच्या-वरच्या टीचे बोल्ट सैल करा, चाक धरून हँडल हलक्या झटक्याने सरळ आणा, पुन्हा बघा. सरळ झालं आणि शॉकअप मोकळेपणाने खाली-वर झाले तर निम्मी काळजी मिटली. क्लिप-ऑन (हँडलची एका बाजूची सुटी दांडी) वाकला असेल तर मात्र तो बदलाच. ठोकून सरळ केलेला दिसतो नीट आणि तुटू शकतो ब्रेक मारताना.

शंका राहिली तर शॉकअपचे पाइप बाहेर काढावे लागतील. पाइप जाड सपाट काचेवर ठेवून हलक्या हाताने फिरवा. सरळ पाइप शांतपणे गडगडतो, वाकलेला लंगडतो आणि त्याच्याखालून उजेडाची फट उघड-मीट करताना दिसते. लेथवाला ओळखीचा असेल तर डायल गेज (बाक मोजणारं घड्याळासारखं यंत्र) लावून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. प्रेसवर पाइप सरळ करून देणारे सगळीकडे भेटतात. माझं ठाम मत आहे, तसं करू नये. वाकलेल्या जागी क्रोमला न दिसणाऱ्या चिरा पडतात, मग ऑइल सील टिकत नाही आणि तो पाइप पुढच्या खड्ड्यात कसा वागेल हे कोणीच सांगू शकत नाही. नवा पाइप घ्या. दोन्ही बाजूंचे ऑइल सील आणि डस्ट सील नवे टाका, आणि फोर्क ऑइल दोन्हीकडे मॅन्युअलप्रमाणे अगदी सारखं भरा. व्ही ३ चे (आर १५ च्या तिसऱ्या आवृत्तीचे) शॉकअप साधे आहेत. २०२१ पासूनच्या व्ही ४ ला ते उलटे असतात, क्रोमचा भाग खाली चाकाजवळ येतो, तेव्हा खडीचे ओरखडे तिथे नखाने चाचपून बघा. नख अडलं तर सील फाटणार.

पुढचं चाक उचललेलं असतानाच हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. मधोमध ‘टक’ असं अडकलं तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) गेला. त्याच वेळी खालच्या टीवरचा आणि फ्रेमवरचा स्टॉपर बघा, जिथे हँडल पूर्ण वळल्यावर टेकतं. तो चेपलाय किंवा तुटलाय, तर पडताना हँडलवर मोठा मार बसलाय आणि फ्रेमकडे संशयाने बघायला हवं. हँडलच्या मुंड्याजवळ (फ्रेमच्या पुढच्या टोकाला, जिथे हँडल बसतं) वेल्डिंगलगत रंगाला केसाएवढ्या भेगा आहेत का हे टॉर्च तिरपा धरून बघा. भेग रंगाला आहे की धातूला, हे ठरत नसेल तर डाय पेनिट्रंट वापरतात: लाल रंग मारायचा, पुसायचा, पांढरा फवारा द्यायचा. भेग असली तर लाल रेघ वर येते. पुण्याजवळच्या भोसरीसारख्या औद्योगिक भागातल्या वर्कशॉपना ही तपासणी नवी नाही.

फ्रेम आणि चिमटा (मागचं चाक धरणारा भाग) सरळ आहे का ते दोरीने कळतं. चेन ऍडजस्टरच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या करा. गाडी सरळ उभी करून मागच्या टायरच्या पाठीमागून दोरी फिरवा, मागच्या टायरच्या दोन्ही कडांना टेकवून पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी ताणून धरा. व्ही ३ चा मागचा टायर १४० चा आणि पुढचा १०० चा, म्हणजे पुढच्या टायरपाशी प्रत्येक बाजूला साधारण २० मिलिमीटर फट यायला हवी. आकडा थोडा इकडेतिकडे झाला तरी हरकत नाही, दोन्ही बाजू सारख्या हव्यात. एकीकडे ३० आणि दुसरीकडे १० येत असेल तर काम थांबवा आणि फ्रेम जिगवर (माप तपासणाऱ्या साच्यावर) लावणाऱ्याकडे जा. फ्रेम बदलायची वेळ आली तर चेसिस नंबर बदलतो, आरटीओत आरसीवर नोंद करावी लागते, ते कागद आधी विचारून घ्या.

चाकं हवेत फिरवून रिमजवळ एक काडी स्थिर धरा, लहर लगेच दिसते. तसंच डिस्कचं. डिस्क किती झिजलेली चालते ते तिच्यावरच कोरलेलं असतं. एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरची वायर आणि दातेरी चकती तपासा. ब्रेकची नळी पिळली असेल तर नवी टाका, बँजो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी नवेच. डॉट ४ ची (ब्रेकच्या तेलाची) नवी, सीलबंद बाटली आणा, कारण उघडी राहिलेली हवेतला ओलावा ओढते. हे तेल रंग खातं, टाकी आधी झाका.

डावीकडे पडलेल्या गाडीत गिअर लिव्हर आत दबतो. त्याच्यामागचा शाफ्ट वाकलाय का बघा, सीलपाशी तेल ओलावलं असेल तर तो सरळ करण्याच्या फंदात पडू नका. मॅग्नेटोचं (वीज तयार करणाऱ्या भागाचं) झाकण घासून पातळ झालं असेल तर बदला, सोबत गॅस्केट. उजवीकडे पडलेली असेल तर क्लचचं झाकण, सायलेन्सर आणि मागच्या ब्रेकचा पेडल. फुटरेस्टचा ब्रॅकेट ऍल्युमिनियमचा, त्यालाही ठोकायचं नाही. रेडिएटरच्या जाळ्या चेपल्या असतील तर हलक्या हाताने उभ्या करा, गळती असेल तर नवाच.

एवढं झाल्यावर सुट्या भागांची यादी करा. पुण्याच्या नाना पेठेत सुटे भाग आणायला जाताना पार्ट नंबर लिहून न्या आणि जुना तुटका भागही पिशवीत असू द्या. व्ही २, व्ही ३, व्ही ४ चे भाग दिसायला जवळचे वाटतात, बसतीलच असं मात्र नाही. ब्रेक, कोनसेट, शॉकअप यांत फक्त कंपनीचे भाग. आरसे, बार-एंड (हँडलच्या टोकाची वजनं), लिव्हर यांत थोडी काटकसर चालेल. गाडी उघडलीच आहे तर इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि कूलंट बदला, कारण पडलेल्या गाडीच्या ऑइलमध्ये काय मिसळलंय याची खात्री नसते.

प्लास्टिक सगळ्यात शेवटी. पॅनेलचे तुटलेले कान (बोल्ट लावायच्या कडा) जोडता येतात, फक्त पॅनेलच्या आतल्या बाजूला काय छापलंय ते वाचा. एबीएस (इथे ब्रेकची यंत्रणा नव्हे, प्लास्टिकचा प्रकार) असेल तर त्याच प्लास्टिकचे तुकडे ऍसिटोनमध्ये विरघळवून केलेली पेस्ट धरते. पीपी (पॉलीप्रॉपिलीन) असेल तर ऍसिटोनचा काही उपयोग नाही, गरम हत्याराने वेल्डिंग करावं लागतं. रंग आणि स्टिकरची घाई करू नका.

पहिली फेरी फेअरिंग न लावताच मारा, सकाळी, मोकळ्या रस्त्यावर, नव्या हेल्मेटसह. वीसच्या वेगात दोन्ही ब्रेक मारून बघा, मग चाळिसात. एबीएसचा दिवा विझतो का, आणि सरळ रस्त्यावर हँडलवरची पकड किंचित सैल केल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, हे बघा. परत आल्यावर इंजिनच्या झाकणांखाली पुठ्ठा अंथरून रात्रभर ठेवा. सकाळी पुठ्ठा कोरडा असला तर फेअरिंग चढवा, आणि शंभर किलोमीटर झाल्यावर ऍक्सल, कॅलिपर आणि टीचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा एकदा तपासा.