साइटचं कोटेशन पाठवण्याआधी

कंपनीच्या साइटचा मजकूर नव्याने लिहायचं काम आलं की हात आधी होमपेजच्या मथळ्याकडे जातो. जाऊ देऊ नका. जुन्या साइटवरच्या सगळ्या पानांच्या वेब पत्त्यांची (यूआरएलची) यादी काढा, तीही कोटेशन देण्याआधी. मागच्या वेळी नेमकं हेच राहिलं. मजकूर चांगला उतरला होता, पण गूगलवरून येणारी माणसं जुन्या पत्त्यांवर धडकून रिकाम्या हाताने परत जात होती. म्हणून ही यादी खाली पुन्हा पुन्हा येईल.

यादी म्हणजे मेनूतली पाच-सात पानं नव्हेत. घात करतात ती मेनूत नसलेली: कधीतरी कुणीतरी टाकलेलं एकाच व्हॉल्व्हचं पान, पीडीएफ कॅटलॉग, प्रदर्शनापुरतं केलेलं लँडिंग पेज. साइटमॅप (साइटच्या पानांची यादी असलेली फाइल) घ्या. स्क्रीमिंग फ्रॉग हे साइटवरचे पत्ते शोधणारं सॉफ्टवेअर चालवा. फुकट आवृत्ती ५०० पत्ते काढते, लहान कंपनीला पुरतात. मग गूगलच्या सर्च कन्सोलचा परफॉर्मन्स रिपोर्ट (गूगलवरून कुठल्या पानावर किती क्लिक आले), कालावधी १६ महिने लावून. त्याहून जुना डेटा तिथे मिळत नाही आणि एक्स्पोर्ट १००० ओळींवर थांबतो. शेवटी छापील वस्तू मागवा: व्हिजिटिंग कार्ड, ब्रोशर, खोक्यावरचा क्यूआर कोड. ते छापून गेलेले पत्ते नव्या साइटवरही चालायलाच हवेत, आणि ते कुठल्याच रिपोर्टमध्ये सापडतील याची खात्री नाही.

एक शीट, चार रकाने: जुना पत्ता, १६ महिन्यांतले क्लिक, नवा पत्ता, कोणी तपासलं. तिसरा रकाना लिहिणाऱ्याने भरायचा. डेव्हलपरवर सोडलात तर घाईत तो सगळे पत्ते होमपेजकडे वळवून, म्हणजे जुना पत्ता उघडला की आपोआप होमपेज दिसेल असं करून, मोकळा होतो. व्हॉल्व्हची दुरुस्ती शोधत आलेल्या माणसाला होमपेजवरचं स्वागत नको असतं, आणि गूगलही असं वळवणं सॉफ्ट ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’ असंच, धरू शकतो. पत्ता जुळत्या पानाकडेच जायला हवा. जुळतं पान नसेल तर ते लिहावं लागेल, आणि त्यामुळेच यादी कोटेशनच्या आधी. मेनू बघून १२ पानांचा भाव दिलात आणि यादीतून क्लिक खेचणारी आणखी ९ पानं निघाली, की ती ९ कोणाच्या खर्चाने लिहायची?

सर्च कन्सोलचा अॅक्सेस पहिल्याच दिवशी मागा. तो बहुतेकदा जुन्या डेव्हलपरच्या खासगी जीमेलवर असतो आणि त्याचं बिल थकलेलं असतं. डोमेनचं लॉगिन मालकाकडे असेल तर डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदींमध्ये) एक टीएक्सटी नोंद टाकून मालकी सिद्ध होते. तेही नसेल तर आधी तो गुंता सोडवा, लिहिणं नंतर. जुनी साइट उतरवल्यावर यादी काढायला बसलात तर इंटरनेट अर्काइव्ह या जुन्या साइटच्या प्रती जपणाऱ्या साइटवर जेवढं सापडेल तेवढ्यावर भागवावं लागेल.

आता माहिती गोळा करणं. भोसरी, पिंपरी भागात कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी मालक निवांत भेटतात, पण मशिनं बंद आणि शेड अंधारात. मुलाखत गुरुवारी, फोटो दुसऱ्या दिवशी. मालकांशी बोलाच, पण खरा मजकूर फोन उचलणाऱ्या माणसाकडे असतो. गिऱ्हाईक पहिला प्रश्न काय विचारतं, तो जसाच्या तसा त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. चाकणच्या मोठ्या कंपनीतला खरेदी विभागाचा माणूस ‘गुणवत्ता हाच आमचा ध्यास’ वाचायला येत नाही. त्याला मशिनची यादी हवी: मेक, संख्या, टेबलचा आकार मिलिमीटरमध्ये, जास्तीत जास्त किती किलोचा जॉब चढतो, कुठलं मटेरियल चालतं, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) किती, तपासणीला काय साधनं आहेत. हे आकडे मालकांच्या तोंडून घेऊ नका. ते उत्साहात असतात. प्रॉडक्शन बघणाऱ्याकडून लेखी घ्या.

कागदावरचे आकडे कागद समोर ठेवूनच उतरवा. जीएसटी क्रमांक १५ चिन्हांचा, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. सीआयएन (कंपनीचा नोंदणी क्रमांक) २१ चिन्हांचा. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, सीआयएन, फोन, ईमेल आणि तक्रारीसाठी कोणाशी बोलायचं त्या व्यक्तीचं नाव होमपेजवर लागतं. कंपनी स्थापनेच्या २०१४ च्या नियमांतच तसं आहे. अनेकांचं नोंदणीकृत कार्यालय कोथरूडच्या फ्लॅटवर असतं आणि कारखाना चाकणला. दोन्ही पत्ते वेगळे, नाव देऊन लिहा, नाहीतर मालाची गाडी सोसायटीच्या गेटवर उभी राहते. आणि चाकणचा पिन ४१०५०१ आहे. बोटं सवयीने ४११ टाइप करतात.

‘आयएसओ सर्टिफाइड’ एवढंच लिहू नका. ‘आयएसओ ९००१:२०१५’ असं पूर्ण लिहा आणि प्रमाणपत्राची मुदत बघा. प्रमाणपत्र आयएसओ स्वतः देत नाही, त्यामुळे तिचा लोगोही लावायचा नाही. बिल्डर असेल तर महारेरा क्रमांक, १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही, आणि क्षेत्रफळ कार्पेटमध्ये. खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) १४ आकडी क्रमांक. दवाखान्याच्या पानावर ‘मधुमेह कायमचा बरा’ असलं काही मालक कितीही आग्रह करोत, लिहायचं नाही. औषधं आणि जादूई उपायांच्या जाहिरातींवरचा १९५४ चा कायदा त्यासाठीच आहे.

मराठी पानं असतील तर जुना मजकूर कुठल्या फाँटमध्ये आहे ते आधी विचारा. कोरल ड्रॉमधलं जुनं ब्रोशर बहुतेक श्रीलिपीत किंवा तसल्याच युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असतं आणि पेस्ट केलं की खिचडी होते. कन्व्हर्टर वापरा, पण र्‍ह, ऱ्या आणि रफार डोळ्यांनी तपासा. पानाचा पत्ता देवनागरीत ठेवण्याचा मोह टाळा. ‘पुणे’ या एका शब्दात चार युनिकोड चिन्हं आहेत. व्हॉट्सअॅपवर तो पत्ता कॉपी केला की प्रत्येकाची नऊ होऊन % च्या खुणांनी भरलेली ३६ चिन्हांची ओळ उमटते. ग्राहकाला ती लिंक म्हणजे फसवणुकीचा मेसेज वाटते. पत्ता रोमन लिपीत ठेवा, मजकूर मराठीत. आणि हे जे नवे पत्ते ठरले ते लगेच यादीच्या तिसऱ्या रकान्यात टाका. यादी. विसरलात ना?

लिहिण्याबद्दल फार सांगत नाही, ते तुम्हाला येतं. टायटलमध्ये कामाचा शब्द आधी आणि कंपनीचं नाव शेवटी, कारण मोबाइलवर मागचा भाग कापला जातो. प्रत्येक पानाचं टायटल वेगळं. फोन नंबरवर बोट ठेवलं की फोन लागला पाहिजे.

मंजुरी एकाच माणसाची, ईमेलवर. काका, मुलगा आणि सीए तिघांनी तीन वर्ड फाइली पाठवल्या तर परत पाठवा आणि एकच फाइल मागा. दोन फेऱ्या फुकट, तिसरीचे पैसे, हे कोटेशनमध्ये आधीच लिहिलेलं हवं.

साइट चढवायचा दिवस सोमवार किंवा मंगळवार. शुक्रवारी संध्याकाळी नको. डेव्हलपरला शीट द्या. वळवणं ३०१ ने (कायमचं), ३०२ ने (तात्पुरतं) नाही, आणि साखळी नको: जुन्यावरून थेट नव्यावर. टेस्ट साइटवरचा नोइंडेक्स (गूगलने पान दाखवू नये अशी खूण) काढला का ते बघा. मग शीट उघडा आणि प्रत्येक जुना पत्ता हाताने टाकून पाहा, प्रत्येक, छापील क्यूआर कोडसकट. चौथा रकाना भरा. फॉर्म भरून मेल येतो का बघा. नवा साइटमॅप सर्च कन्सोलमध्ये द्या. आठवड्याने ४०४ चा रिपोर्ट, महिन्याने परत.

वळवलेले पत्ते निदान एक वर्ष काढू नका. मध्ये होस्टिंग बदललं तर तेही बरोबर न्यायला सांगा, लेखी.