कॉम्पोझिटचं आकुंचन मोजायचं कसं?

दातात भरायचं लाइट-क्युअर (दिव्याच्या प्रकाशाने कडक होणारं) कॉम्पोझिट कडक होताना आकारमानाने साधारण १.५ ते ३ टक्के आकसतं, फ्लोएबल म्हणजे पातळ, वाहतं कॉम्पोझिट बहुधा त्याहून जास्त. हा फरक पाण्यात वजन करून पकडता येतो. आयएसओ १७३०४ मानकातली पद्धतही घनतेवरच बेतलेली आहे.

लागणारं सामान: ०.१ मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा बॅलन्स, त्याचा घनतेचा संच (नमुना पाण्यात टांगून वजन करण्याची जोडणी), थर्मामीटर, मायलर स्ट्रिप (पारदर्शक प्लास्टिकची पातळ पट्टी) आणि उकळून गार केलेलं डिस्टिल्ड वॉटर. बुडबुडे चिकटू नयेत म्हणून पाण्यात लिक्विड सोपचा एक थेंब टाका. दोन्ही वेळा तेच पाणी वापरायचं असल्याने हिशेब बिघडत नाही.

आधी नुसत्या स्ट्रिपचं हवेत आणि पाण्यात वजन घ्या. ते पुढे प्रत्येक वजनातून वजा करायचं. खोलीत पिवळा दिवा ठेवा, नाहीतर माल वजन करता करताच कडक व्हायला लागतो. सुमारे ०.५ ग्रॅम कॉम्पोझिट स्ट्रिपवर २ मिमी जाडीची चकती करून पसरा. मळू नका, हवा आत शिरते. हवेत वजन, लगेच पाण्यात वजन, मग हलक्या फुंकरीने पूर्ण कोरडं करा. आता क्युअरिंग लाइट सरकवत, एकमेकांवर येतील अशा जागी प्रत्येकी २० सेकंद द्या. नंतर स्ट्रिपच्या बाजूनेही तसंच. नमुना तापलेला असतो, म्हणून तासभर अंधारात कोरडा ठेवून पुन्हा दोन्ही वजनं घ्या. आकुंचन दिवा बंद झाल्यावरही थोडं चालू राहतं, तेव्हा ही वेळ प्रत्येक नमुन्याला सारखीच हवी.

हवेतलं वजन वजा पाण्यातलं वजन म्हणजे प्लावक बल, पाणी नमुन्याला वर ढकलतं ते; ते आकारमानाच्या प्रमाणात असतं. ते आधी ०.२६०० ग्रॅम आणि नंतर ०.२५४० आलं, तर आकुंचन (०.२६०० − ०.२५४०) ÷ ०.२६०० × १०० = २.३ टक्के. हवेतलं वजन मिलिग्रॅमभरही बदललं असेल तर कण तरी सुटला आहे किंवा ओल राहिली आहे. तो नमुना बाद.

सगळ्यात मोठा शत्रू बुडबुडा. १ मिमी व्यासाचा एक बुडबुडा सुमारे अर्धा मिलिग्रॅम उचलून धरतो, म्हणजे या नमुन्यात ०.२ टक्क्यांची चूक. तो बहुतेकदा स्ट्रिपखाली दडतो, म्हणून नमुना तिरका करूनच बुडवा. पाण्याच्या तापमानात २ अंशांचा फरक पडला तर चूक ०.०५ टक्क्यांच्या आसपास.

ग्लास आयनोमर या दात भरायच्या दुसऱ्या सिमेंटला ही पद्धत लावू नका. ते पाण्याशी देवाणघेवाण करतं.