पंक्चर सापडत नाही, तरी हवा उतरते?

हवा भरली की चार-पाच दिवसांत स्कूटरचं टायर पुन्हा मऊ लागतं आणि पंक्चर काही सापडत नाही, तर ट्यूब किंवा टायर बदलायच्या आधी व्हॉल्व्ह तपासा. गळती पुष्कळदा तिथेच असते.

१. गाडी डबल स्टँडवर घ्या, व्हॉल्व्हची टोपी काढा.
२. साबणाच्या पाण्याचा एक थेंब व्हॉल्व्हच्या तोंडावर सोडा आणि मिनिटभर थांबा. बारीक गळतीचा बुडबुडा हळूहळू फुगतो, घाई केली तर दिसतच नाही.
३. बुडबुडा आला तर आतली पिन सैल आहे किंवा खराब झाली आहे. पंक्चरवाल्याकडून ती आवळून घ्या, नाहीतर बदलून घ्या. काम किरकोळ आहे.
४. ट्यूबलेस टायर असेल तर व्हॉल्व्ह हलकेच वाकवून त्याच्या बुडाशीही थेंब टाका. तिथे रबराला चीर असेल तर अख्खा व्हॉल्व्हच बदलावा लागतो.

टोपी आठवणीने परत लावा, नाहीतर धूळ आत जाते. (टोपी हरवण्यात आपण सगळेच पटाईत!)

डिस्क ब्रेक असेल तर साबणाचं पाणी डिस्कवर उडू देऊ नका, ब्रेक नीट लागत नाही.