अंडाशयाच्या गाठीची ईआर-पीआर तपासणी: खोटा निगेटिव्ह कसा टाळायचा

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि गाठ गडचिरोली-चंद्रपूरहून डब्यातून येते. चूक बहुधा तिथेच होते. गाठ टिकवणारं द्रावण, फॉर्मेलिन, तासाला साधारण १ मिमीच आत शिरतं. अख्खी गाठ बुडवली तर मधला भाग कुजतो आणि ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर; पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर) असूनही निगेटिव्ह दिसतो. म्हणून गाठ आल्याबरोबर चिरा, गाठीच्या दहापट १० टक्के बफर्ड फॉर्मेलिन घाला, ५ मिमीहून जाड चकती ठेवू नका. ६ ते ७२ तास पुरेत.

काप ३-४ मायक्रॉनचा. फॉर्मेलिनने झाकलेले रिसेप्टर मोकळे व्हावेत म्हणून तो पीएच ९ च्या बफरमध्ये ९५-९८ अंशांवर २० मिनिटं ठेवा, मग तेवढाच वेळ थंड होऊ द्या. रिसेप्टरला चिकटणारी अँटिबॉडी घातल्यावर स्लाइड ओलसर बंद डब्यातच ठेवा. कोरड्या उन्हाळ्यात कडा सुकतात आणि तिथे गडद तपकिरी खोटा रंग येतो.

त्याच स्लाइडवर एंडोमेट्रियमचा (गर्भाशयाच्या अस्तराचा) तुकडा कंट्रोल म्हणून, म्हणजे रंग नीट चढला का ते ताडायला, हवाच.

वाचताना फक्त गाठीच्या पेशींची केंद्रकं मोजा. पेशीद्रवातला रंग सोडा. अंडाशयाचा स्ट्रोमा (आधार देणारी ऊती) स्वतःच ईआर पॉझिटिव्ह असतो, मोजणीत घुसतो. नवख्यांची गफलत इथेच होते. गाठीच्या प्रकारांपैकी लो-ग्रेड सीरस आणि एंडोमेट्रिऑइड बहुधा पॉझिटिव्ह, क्लिअर सेल आणि म्युसिनस बहुधा निगेटिव्ह. निकाल याच्या उलट आला तर दुसऱ्या ब्लॉकवर पुन्हा करा.

अहवालात नुसतं ‘पॉझिटिव्ह’ नको. टक्केवारी आणि रंगाची तीव्रता ईआर, पीआरसाठी वेगवेगळी लिहा. लेट्रोझोल (इस्ट्रोजेन कमी करणारं औषध) द्यायचं का, हे ठरवताना डॉक्टर तेच बघतात.