पहिल्या महायुद्धाची कारणं लिहिताना या चुका टाळा

पहिल्या महायुद्धाच्या कारणांवरची उत्तरं तपासताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. उत्तर २८ जून १९१४ला साराजेव्होत सुरू होतं आणि तिथेच अडकतं.

गाव्रिलो प्रिन्सिपने ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड याला गोळी घातली, हे निमित्त. निमित्तालाच कारण समजू नका. ऑस्ट्रिया-हंगेरीचं दुखणं जुनं होतं. साम्राज्यात लाखो दक्षिण स्लाव राहत होते आणि शेजारचा सर्बिया १९१२-१३च्या बाल्कन युद्धांनंतर जवळजवळ दुप्पट झाला होता. व्हिएन्नाला, म्हणजे ऑस्ट्रियाच्या सरकारला, हा काटा काढायचा होता. १९०८मध्ये तिने बोस्निया खालसा केला तेव्हा सर्बियाचा पाठीराखा असलेल्या रशियाने नमतं घेतलं. पुन्हा तशी माघार घ्यायची त्याची तयारी नव्हती.

सगळ्यात जास्त आढळणारी चूक म्हणजे ‘तहांमुळे सगळे आपोआप युद्धात ओढले गेले’ हे वाक्य. आपोआप काहीच झालं नाही! इटली १८८२पासून जर्मनी-ऑस्ट्रियाच्या गटात होती. १९१४मध्ये ती तटस्थ राहिली, आणि मे १९१५मध्ये ऑस्ट्रियाच्याच विरोधात उतरली. ब्रिटन-फ्रान्सचा १९०४चा समझोता मुख्यतः इजिप्त-मोरोक्कोच्या वादांचा होता. लढायला येण्याचं बंधन त्यात नव्हतं. जर्मन फौजा बेल्जियममध्ये घुसल्या तेव्हा, ४ ऑगस्टला, ब्रिटन उतरलं. जर्मनीने फ्रान्सला चिरडलं तर आपलं काय, हा हिशेबही त्यामागे होताच.

‘लष्करवाद’ हा शब्द लिहून पुढे जाऊ नका, तो दाखवा. हत्येनंतर ऑस्ट्रियाने घातलेल्या बहुतेक अटी सर्बियाने मान्य केल्याचं वाचून जर्मन सम्राट कैसर विल्यमने २८ जुलैला शेरा मारला की आता युद्धाचं कारणच उरलं नाही. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारलं. १ ऑगस्टला, ब्रिटन तटस्थ राहील अशा आशेने, कैसरने फौजा पूर्वेकडे वळवायला सांगितल्या. सेनाप्रमुख मोल्टकेने उत्तर दिलं की आखलेली जमवाजमव ऐनवेळी बदलता येणार नाही. खुद्द सम्राटाला हे ऐकून घ्यावं लागलं.

जर्मनीच्या दोषाचा पुरावा म्हणून युद्धाची जबाबदारी जर्मनीवर टाकणारं, व्हर्सायच्या तहाचं २३१वं कलम देऊ नका. जिंकलेल्यांनी नुकसानभरपाईला आधार म्हणून घातलेलं ते कलम आहे. बर्लिनचा वाटा मोठा, असं माझंही मत आहे. पण त्यासाठी ५-६ जुलैला व्हिएन्नाला दिलेला बिनशर्त पाठिंब्याचा शब्द मांडा, आणि त्याच परिच्छेदात रशियाचा ३० जुलैचा संपूर्ण सैन्य जमवण्याचा हुकूमही लिहा.