शालेय मंत्रिमंडळाला खरे काम कसे द्यावे

महाराष्ट्रातील अनेक माध्यमिक शाळांमध्ये जून-जुलैत शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होते. प्रचार होतो, बोटाला शाई लागते, मुख्यमंत्री व इतर मंत्री परिपाठाच्या वेळी शपथ घेतात आणि त्यानंतर ५ सप्टेंबरच्या स्वयंशासन दिनापलीकडे त्या मंत्र्यांना करण्यासारखे फारसे काही उरत नाही. मुलांना मतदानाची रीत कळते, हे मोलाचेच आहे. पण ज्या शाळेत ती दिवसाचे सहा-सात तास घालवतात, तेथील पाणी, स्वच्छतागृह आणि एकमेकांशी वागण्याची पद्धत यांत त्यांच्या मंत्रिमंडळामुळे काहीच फरक पडला नाही, तर आपल्या मताने काही होत नाही हेही ती त्याच वयात शिकतात. पुढील सूचना मंत्रिमंडळाचे काम पाहणाऱ्या शिक्षकांसाठी आणि निवडून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहेत.

निवडणुकीपूर्वी

मंत्रिमंडळाचे अधिकार काय असतील, हे मुख्याध्यापकांनी निवडणूक जाहीर करतानाच लेखी सांगावे. परिपाठाचे नियोजन, मधल्या सुट्टीतील खेळाच्या साहित्याचे वाटप, वर्गवाचनालय अशा गोष्टींचा निर्णय मंत्रिमंडळाने स्वतः घ्यावा. दुरुस्ती, खर्च, वेळापत्रक यांबाबत त्याने ठराव करून मुख्याध्यापकांकडे द्यावा आणि मुख्याध्यापकांनी पंधरा दिवसांत त्यावर लेखी उत्तर द्यावे. उत्तर ‘नाही’ असले तरी चालेल, मात्र त्यामागचे कारण दिलेले असावे. शिक्षा, गुण आणि कोणाविरुद्धची वैयक्तिक तक्रार हे विषय मंत्रिमंडळाकडे अजिबात नसावेत.

मतदान गुप्तच असावे. हात वर करून घेतलेल्या मतदानात लहान वर्गातील मुले मोठ्यांकडे पाहून हात वर करतात. हल्ली अनेक शाळा मोबाईलवरील मतदानाचे ॲप वापरतात. तेही चांगले, पण कागदी मतपत्रिकेनेही काम भागते. मुख्य पदांसाठी नववीचे विद्यार्थी अधिक योग्य ठरतात, कारण दहावीची मुले दिवाळीनंतर सराव परीक्षांत गुंततात. केवळ हुशार मुलांची नावे शिक्षकांनी सुचवण्याची प्रथा मोडावी. वर्गात शेवटच्या बाकावर बसणाऱ्या मुलांना शाळेच्या कोपऱ्याकोपऱ्याची माहिती असते आणि त्यांच्या शब्दाला मुलांत वजनही असते.

बैठक शाळा सुटल्यावर ठेवू नये. वाडी-वस्तीवरून एसटीने ये-जा करणाऱ्या मुलांची, विशेषतः मुलींची, त्यामुळे कायमची गैरहजेरी लागते. महिन्यातून एक तासिका वेळापत्रकातच राखून ठेवावी.

पहिले काम: स्वच्छतागृह

पहिल्या बैठकीत मुले वृक्षारोपण, भिंती रंगवणे, स्पर्धा असे विषय सुचवतील. ते सर्व नंतर घ्यावेत. सुरुवात स्वच्छतागृहापासून करावी, असे माझे ठाम मत आहे, कारण शाळेच्या वातावरणाचा सर्वांत थेट परिणाम तेथे होतो. स्वच्छतागृहात जावे लागू नये म्हणून अनेक मुली दिवसभर पाणी पीत नाहीत; त्यातून डोकेदुखी आणि मूत्रमार्गाचा संसर्ग उद्भवतो, आणि पाळीच्या दिवसांत शाळाच बुडते. केरळमधील शाळांत २०१९ मध्ये पाणी पिण्याची आठवण करून देणारी घंटा सुरू झाली आणि तिचे अनुकरण इतर राज्यांतही झाले. हा उपक्रम जरूर घ्यावा, परंतु आधी स्वच्छतागृह वापरण्याजोगे करावे.

त्यासाठी पाहणी करावी. मुलींच्या स्वच्छतागृहाची पाहणी मंत्रिमंडळातील मुलींनी एखाद्या शिक्षिकेसोबत करावी. दाराला आतून कडी लागते का, नळाला मधल्या सुट्टीतही पाणी असते का, बादली व मग आहे का, उजेड पुरतो का, झाकणाची कचरापेटी आहे का, पॅड गरज पडताच कोणाकडून मिळते आणि ते मागताना मुलींना संकोच वाटेल अशी व्यवस्था तर नाही ना, हे एकेक करून लिहावे. पिण्याच्या पाण्याचे चालू नळ मोजावेत आणि टाकी शेवटची कधी धुतली ते विचारावे. ‘स्वच्छतागृहाची अवस्था वाईट आहे’ या वाक्यावर कोणी काही करत नाही. ‘तीनपैकी दोन दारांना कडी नाही’ या वाक्यावर दुसऱ्या दिवशी सुतार बोलावता येतो. मुलगे व मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आणि पिण्याचे सुरक्षित पाणी यांची तरतूद शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीतच आहे. तो कायदा आठवीपर्यंत लागू असल्याने पाचवी ते दहावीच्या शाळेला आपल्या अर्जात त्याचा आधार घेता येतो. कडी, बल्ब, बादली यांचा खर्च शाळा करू शकते. मोठ्या दुरुस्तीचा ठराव संस्था, शाळा व्यवस्थापन समिती किंवा ग्रामपंचायत यांच्याकडे मुख्याध्यापकांच्या पत्रासह पाठवावा.

येथे एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. स्वच्छतागृह धुण्याचे काम विद्यार्थ्यांवर सोपवू नये. ते मोबदला घेणाऱ्या कर्मचाऱ्याचे काम आहे आणि त्याला हातमोजे, बूट व साहित्य मिळते का, हेही मंत्रिमंडळाने विचारावे. वर्ग झाडणे, पाणी भरणे, पोषण आहार वाढणे ही कामे मात्र हजेरी क्रमांकानुसार फिरती ठेवावीत आणि त्यांचा तक्ता वर्गात लावावा. तक्ता नसेल तर झाडू नेहमी मुलींच्या हाती जातो, आणि पाणी कोणी भरायचे, कोणी वाढायचे हे ठरताना गावातील जात शाळेत शिरते. क्रमांकानुसार काम वाटले की कोणाला सूट द्यायची हा प्रश्नच उरत नाही.

बोलणे आणि वागणे

शाळेची संस्कृती सुविचारांच्या फलकापेक्षा मधल्या सुट्टीत मुले एकमेकांना कशी हाक मारतात यावरून कळते. जात, रंग, शरीर, वडिलांचा व्यवसाय यांवरून पडलेली टोपणनावे हा मंत्रिमंडळाने हाती घ्यावा असा विषय आहे. प्रत्येक वर्गात निनावी चिठ्ठ्या घ्याव्यात: ‘मला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडत नाही?’ चिठ्ठ्या वर्गात वाचून दाखवू नयेत. वर्गशिक्षकांनी त्या वाचून वर्गाशी सर्वसाधारण स्वरूपात बोलावे आणि मंत्र्यांनी स्वतःपासून ती नावे बंद करावीत. शिक्षकांच्या तोंडीही अशी नावे असतात, म्हणून शिक्षकांच्या बैठकीतही हा विषय निघायला हवा.

भाषेचेही तसेच आहे. अहिराणी, वऱ्हाडी, कोरकू, गोंडी बोलणाऱ्या मुलांच्या उच्चारांवर वर्गात हसू उमटते आणि ती मुले उत्तर देणे सोडतात. आठवड्यातून एकदा परिपाठातील गोष्ट किंवा बातमी घरच्या बोलीत सांगण्याची पद्धत पाडावी.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून पाचवीत किंवा आठवीत नव्याने आलेल्या प्रत्येक मुलाला पहिल्या महिन्यासाठी वरच्या वर्गातील एक सोबती द्यावा. बीडसारख्या जिल्ह्यांत दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांची यादी मंत्रिमंडळाने वर्गशिक्षकांच्या मदतीने ठेवावी, त्यांच्यासाठी वह्यांच्या प्रती जपून ठेवाव्यात, आणि ती परतल्यावर त्यांची नेहमीची जागा त्यांना मिळेल याची काळजी घ्यावी.

शिस्तमंत्र्याचे पद मात्र रद्द करावे. बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणारा मंत्री मुलांना शिक्षकांचा खबऱ्या वाटू लागतो आणि संपूर्ण मंत्रिमंडळावरचा विश्वास त्यात जातो. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई आहे. जे शिक्षकाला करता येत नाही, ते विद्यार्थ्याकरवी करवून घेता येणार नाही.

छळ, मारहाण किंवा लैंगिक स्वरूपाचे काही मंत्र्यांच्या कानावर आले, तर त्यांनी चौकशी करू नये, कोणाला समोरासमोर बसवू नये, आणि ऐकलेले त्याच दिवशी विश्वासाच्या शिक्षिकेला, मुख्याध्यापकांना किंवा विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीला सांगावे. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक प्रत्येक वर्गात लावलेला असावा. पॉक्सो कायदा, २०१२ नुसार बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळालेल्या प्रौढ व्यक्तीने ती पोलिसांकडे देणे बंधनकारक आहे, त्यामुळे ‘शाळेचे नाव खराब होईल’ म्हणून थांबण्याची मुभा कोणालाच नाही. तक्रारपेटीची किल्ली मंत्र्यांकडे कधीही देऊ नये.

शाळेजवळच्या टपरीबाबतही हेच धोरण ठेवावे. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांची विक्री २००३ च्या कायद्याने निषिद्ध आहे. मुलांनी टपरीवाल्याशी वाद घालू नये. अंतर मोजून ते ठरावात नोंदवावे आणि पुढील पत्र मुख्याध्यापकांनी पोलीस ठाण्याला लिहावे.

बैठक आणि वही

बैठकीच्या इतिवृत्तासाठी एक जाड वही पुरते. प्रत्येक ठरावापुढे काम कोणाचे, कोणत्या तारखेपर्यंत आणि काय झाले, एवढे तीन रकाने असावेत. एका सत्रात दोनच कामे घ्यावीत. बैठकीनंतरच्या सोमवारी परिपाठात मुख्यमंत्र्याने कोणते काम झाले आणि कोणते राहिले हे सर्व शाळेला सांगावे; राहिलेल्या कामाचे कारणही सांगावे. वर्गणी गोळा करू नये, कारण पैसे देऊ न शकणारी मुले त्यातून उघडी पडतात. स्नेहसंमेलनाच्या तयारीत डिसेंबर महिना जातो, हे गृहीत धरून दुसऱ्या सत्रातील काम जानेवारीत सुरू करावे.

मार्चमध्ये शेवटच्या बैठकीला आठवी आणि नववीच्या वर्ग प्रतिनिधींना बोलवावे, अपूर्ण ठराव त्यांच्यासमोर वाचावेत आणि वही मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावी. जूनमध्ये नव्या मंत्रिमंडळाच्या पहिल्या बैठकीचा पहिला विषय त्याच अपूर्ण ठरावांचा असेल, अशी नोंद त्या वहीच्या शेवटच्या पानावर करावी.