‘आर्टी-फार्टी’ हा शब्द कसा समजून घ्यावा आणि कुठे वापरावा

इंग्रजीतल्या ‘आर्टी-फार्टी’ या शब्दाचा अर्थ लावताना त्याचे दोन तुकडे वेगवेगळे पाहावेत. ‘आर्टी’ म्हणजे कलेचा आव आणणारा. ‘फार्टी’चा संबंध मात्र पोटातल्या वायूशी आहे आणि उंचावर जाऊन बसलेल्या शब्दाला यमकाच्या जोरावर खाली ओढणे, एवढेच त्याचे काम आहे.

उगम शोधायचा तर त्याच्या आधीच्या ‘आर्टी-क्राफ्टी’ या जोडशब्दापासून सुरुवात करावी. यंत्रावर काढलेल्या मालाऐवजी हाताने घडवलेल्या वस्तूंचा आग्रह धरणाऱ्या ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ चळवळीचे पहिले मोठे प्रदर्शन १८८८ मध्ये लंडनला भरले. इंग्रज कलाकार आणि लेखक विल्यम मॉरिस हे तिचे मोठे प्रेरणास्थान होते. पुढे या साधेपणाचीही फॅशन झाली, तेव्हा तिची टर उडवायला विसाव्या शतकाच्या आरंभी ‘आर्टी-क्राफ्टी’ आला; ‘फार्टी’ची जोड त्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली. अमेरिकेत तोच शब्द ‘आर्ट्सी-फार्ट्सी’ होतो.

मराठीत आणताना ‘चहाबिहा’च्या धर्तीवर ‘कलाबिला’ म्हणण्याचा मोह होतो. ‘तो हल्ली कविताबिविता करतो’ या वाक्यात तुच्छता आहे, पण ढोंगाचा आरोप नाही. म्हणून अर्थ पोहोचवायचा असेल तर ‘कलेचा आव आणणारा’ असेच लिहावे, यमकातली गंमत गेली तरी चालेल.

वापरण्यापूर्वी एक कसोटी लावावी. समजा, चित्राशेजारच्या पाटीवर ‘अवकाशाच्या अस्वस्थतेशी साधलेला नेणिवेचा संवाद’ असे लिहिले आहे. पाटी झाकून चित्र पाहावे, मग चित्र झाकून पाटी वाचावी. हीच पाटी दुसऱ्या कोणत्याही चित्राखाली खपून जात असेल, तर शब्द पाटीला लागू पडतो. चित्राला तो लावण्याची घाई करू नये. चित्रकार काझिमिर मालेविच यांनी १९१५ मध्ये प्रदर्शनात चित्र म्हणून मांडलेला काळा चौकोन अनेकांना अनाकलनीय वाटतो, पण अनाकलनीय असणे आणि आव आणणे यांत फरक आहे, आणि हा शब्द सर्वाधिक चुकतो तो नेमका इथेच. आपल्याला न कळलेल्या कृतीला तो चिकटवला की आळस झाकला जातो.

शब्द बोलीतला आणि किंचित असभ्य असल्यामुळे गंभीर समीक्षेत तो टाळावा. गप्पांमध्ये मात्र ‘जरा आर्टी-फार्टी वाटेल, पण…’ असे म्हणून लोक तो स्वतःलाच लावून घेतात, म्हणजे समोरच्याला टोमणा मारायला जागाच उरत नाही.